‘का’ लिहिणारी माणसं

एप्रिल 2025मध्ये गिटला वीस वर्षं झाली. त्याच सुमारास, मी सांभाळतो त्या छोट्या मुक्त प्रकल्पात एक पॅच आला. बदल एका ओळीचा, कमिट मेसेज पानभर: वाचनीयता वाढवली, कोड भक्कम केला, कामगिरी सुधारली. टाइमआउट 30 सेकंदांचा 45 का केला, याचा पत्ता नाही. विचारलं, तर उत्तर आलं, “मेसेज एआयने लिहिलाय, सर.”

गिटआधीच्या सीव्हीएस-सबव्हर्जनच्या काळाबद्दल काय सांगायचं? ‘फिक्स्ड बग’ लिहून लोक जेवायला जात. 2005 साली लिनक्स कर्नेलसाठी वापरल्या जाणाऱ्या बिटकीपरचा मोफत परवाना गेला आणि लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहिलं, ही कथा पुरेशी उगाळून झाली आहे.

माझे दिवस 2008नंतरचे. त्या वर्षी प्रोग्रामर टिम पोपने कमिट मेसेजचा दंडक मांडला: पन्नासेक अक्षरांचा आज्ञार्थी मथळा, एक ओळ मोकळी, मग 72 अक्षरांवर मोडलेला मजकूर. त्यावरून आम्ही हमरीतुमरीवर येत असू. कोड बरोबर असूनही मेसेज अपुरा म्हणून पॅच परत येई, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नसे. तो 30चा आकडा त्याच काळातला. गिट ब्लेम लावलं की मेसेज आजही दिसतो: ‘काही कार्यालयांतले प्रॉक्सी 40 सेकंदांनी गुपचूप जोडणी तोडतात. त्याआधी आपणच सोडून पुन्हा प्रयत्न करावा.’ लिहिणारा कधीच प्रकल्प सोडून गेला, पण 45 का चालणार नाही हे त्याने सांगून ठेवलंय.

मग घसरण. माझ्या तेव्हाच्या कंपनीत मेसेजऐवजी नुसता तिकीट क्रमांक टाकत; तिकिटांची प्रणाली बदलली आणि ते सगळे क्रमांक अनाथ झाले. स्क्वॅश मर्जचं बटण आलं, निगुतीने वेगळे ठेवलेले पाच कमिट एका गोळ्यात गेले. 2020च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्टासाठी ‘इम्प्रूव्ह डॉक्स’चा जो पूर आला, त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. पण ते आळशी मेसेज निदान आळशी दिसत तरी होते. आताचे नीटनेटके असतात, म्हणून नजरेतून सुटतात.

लिनक्समध्ये आपला कोड वापरल्याच्या एससीओ कंपनीच्या दाव्यानंतर, 2004मध्ये, लिनक्स कर्नेलने कमिटखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ आणली, कोड कुठून आला याची हमी म्हणून. आमच्याकडेही ती लागते. त्या 45 सेकंदांच्या पॅचखालीही होती, पूर्ण नावासकट. सही करणाऱ्याने वरचा मजकूर वाचलाय, असं मी हल्ली धरून चालत नाही.