शहराची सरासरी आणि झाडणारे हात

शहराची प्रकृती आकड्यांनी सांगण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. किती घरांतून कचरा उचलला जातो, हवेत धुळीचे सूक्ष्म कण किती, हजार जिवंत जन्मांमागे किती अर्भके दगावतात, किती सांडपाण्यावर प्रक्रिया होते, यांवरून शहर निरोगी की रोगट हे ठरविले जाते. अशा एकेका आकड्याला निर्देशक म्हणतात. अनेक निर्देशकांना कमीअधिक वजन देऊन त्यांची बेरीज केली की निर्देशांक तयार होतो आणि त्यावरून शहरांचे क्रम लागतात. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी जी शाश्वत विकासाची उद्दिष्टे स्वीकारली, त्यांतील अकरावे उद्दिष्ट शहरांविषयीचे आहे. कचऱ्याची विल्हेवाट आणि हवेतील कण हे त्यातील दोन निर्देशक.

या निर्देशकांचे गुणगान मला करावयाचे नाही आणि त्यांची टवाळीही करावयाची नाही. मोजल्याशिवाय रोग कळत नाही. परंतु हे आकडे कोणाच्या हातांनी तयार होतात आणि ते हात आकड्यांत कोठे दिसतात, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

नागपूरकरांनी तर तो विचारलाच पाहिजे. १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था याच शहरात स्थापन झाली आणि १९७४ साली तिचे 'नीरी' असे नामांतर झाले. पाणी, मैला, कचरा आणि धूर मोजण्याचे शास्त्र या देशात रुजविण्यात आपल्या गावाचा वाटा मोठा आहे.

कचरा मोजतात कसा ते पाहा. गाडीतून उतरलेला कचरा एकत्र कालवतात, त्याचे चार भाग करतात, समोरासमोरचे दोन भाग टाकून देतात आणि उरलेला पुन्हा कालवतात. ढीग हाताळण्याजोगा होईपर्यंत हे चालते. मग ओला कचरा, कागद, काच, चिंध्या, प्लास्टिक अशी हातांनी निवड करून प्रत्येकाचे वजन घेतात. अहवालात टक्केवारी येते. ज्याच्या बोटांना काच लागली तो अहवालात येत नाही. भांडेवाडीच्या आवारात रोज हजार टनांहून अधिक कचरा येऊन पडतो. तेथे भंगार वेचून पोट भरणारी बाई पुन्हा वापरात जाणाऱ्या मालाची टक्केवारी वाढविते, पण तिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते.

सांडपाण्याचेही तसेच. भांडेवाडीच्या केंद्रात सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरविण्याची योजना देशभर वाखाणली गेली. ती रोज १३ कोटी लिटरच्या हिशेबाने आखली होती. नद्यांचे पाणी वाचते, ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु सांडपाणी त्या केंद्रापर्यंत आपोआप पोचत नाही. गटाराची वाहिनी तुंबली की कोणाला तरी झाकण उघडावे लागते. आत साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू हवेपेक्षा जड असतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की तो माणसाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. म्हणजे धोका सर्वांत मोठा असतो तेव्हा वास येईनासा होतो आणि उतरणाऱ्याला वाटते, आता हरकत नाही.

हवेचे मापन घ्या. भारतीय मानकाप्रमाणे पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ही मर्यादा ५ वर आणली. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मानक न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नागपूर आहे. मापक यंत्र साधारणतः जमिनीपासून ३ ते १० मीटर उंचीवर बसवितात, कारण त्याला सर्वसाधारण हवा मोजावयाची असते. झाडणाऱ्या बाईचे नाक मात्र झाडूपासून हातभर अंतरावर असते. शहराची सरासरी तिच्या श्वासाची सरासरी नव्हे. उलट, जी धूळ ती यंत्रापर्यंत पोचण्याआधी गोळा करते, ती आधी तिच्या छातीत जाते.

आता या कामगारांची नोकरी कशी असते ते पाहू. नागपुरात 'ऐवजदार' हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या ऐवजी कामावर जाणारा तो ऐवजदार. नाव तात्पुरते, परंतु माणसे वर्षानुवर्षे ऐवजदारच राहिली. कित्येकांची उमेद याच शब्दात संपली. अखेर २०१९ नंतर हजारो ऐवजदारांना अधिसंख्य पदांवर कायम करण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच सुमारास कामगारांच्या मनगटांवर जीपीएस घड्याळे आली. नेमलेल्या हद्दीत कोण किती वेळ होता, हे नियंत्रण कक्षातील पडद्यावर ठिपक्याच्या रूपाने दिसू लागले. शौचालयात गेलो तरी हे यंत्र पाहते-ऐकते काय, अशी शंका महिला कामगारांनी बोलून दाखविली, आणि २०२० साली ती वृत्तपत्रांतून देशाबाहेरही पोचली. ठिपका हलला की नाही ते घड्याळाने मोजले. तिच्या वाट्याला रस्ता किती आला, हातमोजे मिळाले काय, तिच्या हद्दीत शौचालय तरी आहे काय, हे मोजण्याची सोय त्यात नव्हती. शहराने आपल्या कामगाराला मोजले नाही असे म्हणता येणार नाही. त्याने मोजले ते कामचुकारपणाच्या संशयाने, आरोग्याच्या काळजीने मोजले नाही.

यावर कोणी म्हणेल, निर्देशांक शहराचा असतो, त्यात एका वर्गाचा वेगळा हिशेब कशाला? याला इतिहासाचे उत्तर आहे. आधुनिक नगर-आरोग्याच्या मोजणीचा पाया ज्या ग्रंथांनी घातला, त्यांत एडविन चॅडविकचा १८४२ चा इंग्लंडमधील अहवाल अग्रभागी आहे. चॅडविक काही गरिबांचा कैवारी नव्हता. १८३४ चा कठोर गरिबी कायदा घडविणाऱ्यांत तो होता. तरीही त्याने मृत्यूसमयीचे सरासरी वय वर्गवार मांडले. लिव्हरपूलमध्ये उच्चवर्गीयांचे ३५, व्यापाऱ्यांचे २२ आणि मजुरांचे १५. मजुरांची मुले पाळण्यातच मरत, म्हणून हा आकडा इतका खाली. तीन रकाने शेजारी आले आणि मग शहर कोणासाठी निरोगी आहे हे लपविता येईना. आमच्या शहरांच्या क्रमवारीत असे रकाने नाहीत. ज्या देशात कोणी काय झाडावे हे जन्माने ठरले, त्या देशात सरासरीच्या आड उभे राहणारे कोण, हे सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले की जात कामे वाटते तेवढ्यावर थांबत नाही, काम करणाऱ्या माणसांनाच ती एकमेकांपासून तोडून खालीवर रचते. त्याआधी एक वर्ष, १९३५ मध्ये, त्यांनी मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ उभारला होता.

रकाना आखला की काय होते, याची साक्ष अलीकडचीच आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्यांची कुटुंबे शोधून प्रत्येकी १० लाख रुपये देण्यास सांगितले. २०२३ साली ही रक्कम ३० लाख केली. भरपाई देण्यासाठी आधी मोजावे लागले. पुढे केंद्राच्या 'नमस्ते' योजनेत गटार आणि सेप्टिक टाकी साफ करणाऱ्यांची नोंद सुरू झाली. २०२४ पर्यंत नोंदलेल्या सुमारे ३८ हजार कामगारांत जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. आपल्याला हे ठाऊक होतेच, पण आता ते सरकारी कागदावर आहे.

यासाठी नवे शास्त्र लागत नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालील मृत्यूच्या अर्जात मृताचा व्यवसाय विचारलेला असतो. घाटावर आणि दवाखान्यात तो रकाना भरला जातो, पण शहराच्या आरोग्यपत्रिकेत तो उतरत नाही. दुसरे साधन आमच्या वारसा हक्काच्या फायलींत आहे. १९७० च्या दशकातील लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगार निवृत्त झाला वा मेला, तर त्याच्या वारसाला नोकरी मिळते. नोकरीत असताना कोण कितव्या वर्षी गेला, हे त्या फायलींवरून थोड्या दिवसांत काढता येईल.

या वारसा हक्काविषयी बोलताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवतो. स्वच्छतेच्या सर्वेक्षणासाठी नागरिकांचा अभिप्राय नोंदवावा, म्हणून मुले मोबाइलवर प्रश्न सोडवीत होती. हा स्वस्थ बसून होता. विचारले तर म्हणाला, "सर, माझ्या मायच्या कामाले मीच मार्क देऊ का?" त्याची आई बरीच वर्षे ऐवजदार होती, आता कायम झाली आहे आणि दोन वर्षांनी निवृत्त होईल. त्याला एम.ए. करायचे आहे. घरचे म्हणतात, हातची नोकरी सोडू नको. माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. 'शीक' असे सांगणे मला सोपे आहे, कारण माझ्यासाठी कोणी झाडू राखून ठेवला नव्हता. पण ज्या घरात तीच एक खात्रीची भाकरी आहे, तेथे माझा उपदेश कितपत खरा? तो हक्क काढून घ्या असे मी म्हणणार नाही. दुसरा कोणताही हक्क न देता झाडूचाच तेवढा हक्क देणारी व्यवस्था मला मान्य नाही, एवढे मात्र म्हणेन.

२०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात १० लाखांवरील शहरांत नागपूर १८ वे होते. २०२३ मध्ये १ लाखावरील शहरांत ते ८६ वे आले. यादी वेगळी असल्याने हे दोन क्रम शेजारी ठेवता येत नाहीत, तरी चर्चा झाली ती घसरणीचीच. आपली मागणी क्रमांकाविषयी नसावी. दरवर्षी शहराच्या अहवालात तीन रकाने छापावेत: सफाई कामगाराचे मृत्यूसमयीचे सरासरी वय, त्याला झालेले छातीचे व त्वचेचे आजार आणि त्याच्या मुलांपैकी किती जण झाडूशिवाय दुसऱ्या कामाला लागले. कामगार संघटनांनी, आपल्या डॉक्टरांनी आणि आम्हा प्राध्यापकांनी यासाठी एकत्र बसले पाहिजे. महानगरपालिका छापणार नसेल, तर वस्त्यांत जाऊन आपणच ही मोजणी सुरू करू. माझ्या वर्गातले चारदोन विद्यार्थी त्यासाठी तयार आहेत. तो मुलगाही त्यांत आहे.