उठबस

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला पहाटे अंगभर तेल लावून पाटावर बसलो आणि आंघोळ झाल्यावर उठता येईना. म्हणजे उठलो, पण कसा? आधी डावा हात फरशीवर, मग उजवा नळावर, मग एक गुडघा टेकवून, आणि शेवटी बायकोला हाक मारून. नळ उपटून हातात आला नाही, एवढंच नशीब. त्याच संध्याकाळी पाट माळ्यावर गेला आणि न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल आलं. घरात कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाही. सदुसष्टाव्या वर्षी असं व्हायचंच, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. मीसुद्धा.

वास्तविक मी काही सोफ्यावर लोळणारा माणूस नव्हे. सिडकोतून रोज पहाटे निघतो, विद्यापीठाच्या आवारात तासभर चालतो. हाताला घड्याळ, खिशात मोबाइल, दहा हजार पावलं झाल्याशिवाय चहा नाही. आमच्या गावात चालणाऱ्यांची वानवा नाहीच. सिद्धार्थ उद्यान, गारखेड्याचं विभागीय क्रीडा संकुल, ज्यांच्या फुफ्फुसात अजून दम आहे त्यांच्यासाठी गोगाबाबा टेकडी. दिवाळीची थंडी पडली की नवे कोरे बूट घातलेली मंडळी दिसायला लागतात आणि होळीपर्यंत त्यातली निम्मी गळतात. मी गळणाऱ्यांतला नव्हतो. बारा वर्षं चालतोय. तरीही पाटावरून उठता आलं नाही, याचा अर्थ काय?

अर्थ सरळ आहे. चालण्याने हृदयाला, साखरेला, रक्तदाबाला, मनाला फायदा होतो, पण मांडीच्या स्नायूंवर फारसा भार येत नाही. सपाट रस्त्यावर आपण शरीर पुढे ढकलत असतो. जमिनीवरून उठताना ते सगळंच्या सगळं वर उचलावं लागतं.

स्नायू तिशीनंतर हळूहळू झिजतात, दर दहा वर्षांना साधारण तीन ते आठ टक्के, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. या झिजेला 1989 मध्ये अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने ‘सार्कोपेनिया’ असं नाव दिलं. त्याआधी तिला आजाराचं नावच नव्हतं, ‘वय झालं’ म्हणत असत. यात एक खोच आहे. स्नायूंत संथ तंतू असतात आणि चपळ तंतू असतात. म्हातारपणी आधी कमी होतात ते चपळ. संथ तंतूंच्या जोरावर माणूस मैलोन्मैल चालतो. पण ओल्या फरशीवर पाय सटकला तर पापणी लवायच्या आत दुसरा पाय पुढे टाकून तोल सावरायचं काम चपळ तंतूंचं. ते नसले की तासभर चालणारा माणूस न्हाणीत पडतो, खुब्याचं हाड मोडतं आणि घरात ‘बाबांनी अंथरूण धरलं’ हे वाक्य ऐकू येतं.

दहा हजार पावलांबद्दलही सांगून टाकतो, कारण त्या आकड्यावर माझी बारा वर्षं गेली आहेत. तो कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही. 1965 मध्ये जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नाव ‘मानपोकेइ’, म्हणजे दहा-हजार-पावलं-मापक. नाव लोकांच्या तोंडी बसलं आणि पुढे त्याचा नियम झाला. 2019 मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी बहात्तर वर्षांच्या हजारो अमेरिकी स्त्रियांची पावलं मोजली. दिवसाला सुमारे 2700 पावलं टाकणाऱ्यांपेक्षा 4400 टाकणाऱ्यांचा मृत्युदर ठळकपणे कमी होता, आणि साडेसात हजारांच्या आसपास फायद्याची चढण संपून सपाटी लागली. वरची अडीच हजार पावलं मी घड्याळाला खूश करण्यासाठी टाकत होतो. तोच वेळ दुसरीकडे लावायला हवा होता.

कुठे, ते आपल्या भाषेने आधीच सांगून ठेवलंय. उठबस. शाळेत गृहपाठ केला नाही की गुरुजी उठाबशा काढायला लावायचे, तालमीत वस्ताद बैठका मारून घ्यायचे. बालपणी जी शिक्षा होती ती म्हातारपणी औषध म्हणून लिहून मिळते. मला ती एका फिजिओथेरपिस्ट मुलीने दिली. तिने मला खुर्चीवर बसवलं, हात छातीवर फुलीसारखे धरायला लावले आणि म्हणाली, “काका, तीस सेकंदांत किती वेळा उठता ते बघू.” पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, हात लावायचा नाही. मला वाटलं वीस तरी होतील. झाले नऊ. माझ्या वयाच्या पुरुषाला बाराच्या खाली म्हणजे पडण्याचा धोका, बायकांना अकराच्या खाली. सत्तरी ओलांडली की पुरुषांचा आकडा तोच राहतो, बायकांचा दहावर येतो. मी मान खाली घालून बसलो. पुन्हा शाळेतच गेल्यासारखं झालं.

ब्राझीलमधल्या क्लॉदियो गिल अराउजो या डॉक्टरची चाचणी आपल्याला आणखी जवळची आहे, कारण ती जमिनीवरची आहे. बसायचे पाच गुण, उठायचे पाच. हात टेकला, गुडघा टेकला, की प्रत्येकी एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. 51 ते 80 वयाच्या दोन हजारांवर लोकांची त्याने अशी परीक्षा घेतली आणि काही वर्षं त्यांचा माग ठेवला. 2012 साली निष्कर्ष आले: कमी गुणवाल्यांतले लोक जास्त दगावले. उठता न येणं हे मरणाचं कारण असतं असं नाही. शरीराची ताकद, तोल, लवचीकपणा, वजन या सगळ्याचा हिशेब त्या एका हालचालीत दिसतो. घरी एकट्याने मात्र ही परीक्षा देऊ नका. गुडघे बदललेले असतील, चक्कर येत असेल, तर अजिबात नाही.

माझ्या आजीने ही परीक्षा दिवसातून पन्नास वेळा दिली असेल. चुलीपुढे बसून काटवटीत पीठ मळायचं, भाकरी थापायची, उठून पाणी आणायचं, पुन्हा बसायचं. पंगत जमिनीवर, दळण जमिनीवर, गप्पा ओसरीवर. मग ओटा आला, डायनिंग टेबल आलं, कमोड आला. आजीच्या चुलीचा धूर परत यावा असं मला मुळीच वाटत नाही, तिचे डोळे त्यानेच गेले. पण धुराबरोबर बैठकाही घराबाहेर गेल्या, हे आमच्या लक्षात आलं नाही.

गुलमंडी, औरंगपुरा भागात जुनी घरं आहेत तिथे सत्तरीच्या बायका उंच दगडी पायऱ्या चढउतार करतात. त्या फिरायला जात नाहीत आणि त्यांना त्याची खंतही नाही.

हे लिहितोय तेव्हा पैठण-गंगापूरकडे कापसाची वेचणी चालू असेल. साठीच्या बाया दिवसभर वाकून कापूस वेचतात. त्यांना आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करा असं सांगायला जो जाईल त्याने आधी ओटीत कापूस बांधून एक पात धरून बघावी. त्यांच्या मांड्या कमजोर नसतात. कंबर आणि गुडघे झिजलेले असतात, आणि ताटात डाळ पातळ असते. तेव्हा हा लेख त्यांच्यासाठी नाही, माझ्यासारख्या पेन्शनीतल्या लोकांसाठी आहे, हे कबूल करून पुढे जातो.

मला सांगितलेली रीत अशी. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली भक्कम खुर्ची घ्यायची. प्लास्टिकची नको, ती सरकते. बसायची उंची जास्त वाटली तर ठीक, कमी वाटली तर वर घट्ट उशी ठेवायची. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, छाती पुढे, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत आलं की उठायचं. बसताना धप्पकन नाही, मनात तीन आकडे मोजत. खरा व्यायाम या बसण्यातच आहे. आठ-दहा वेळा, थोडा दम, पुन्हा आठ-दहा. एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की उशी काढायची, मग खुर्चीच्या जागी स्टूल, मग मोढा. स्टुलावरून पाटापर्यंत यायला मला सात महिने लागले.

याच्या जोडीला ओट्याला एक हात धरून एका पायावर उभं राहणं, दूध उतू जायची वाट बघताना. आणि जोर. जमिनीवरचे जोर नव्हे, भिंतीला दोन्ही हात लावून, हातभर मागे उभं राहून. तालमीतला वस्ताद हसेल, हसू दे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी लोखंडी घडीच्या खुर्च्या, पट्टे, दोर, लाकडी ठोकळे वापरून योगासनं आजाऱ्या-म्हाताऱ्यांच्या आवाक्यात आणली. 2014 मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी गेले, तोवर जगभरच्या वर्गांत त्यांची खुर्ची पोचली होती. आधार घेण्यात कमीपणा कसला?

आता ‘या वयात कुठे ताकद येणार’ हा प्रश्न. 1990 मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात मारिया फियाटारोनी या डॉक्टरने नव्वदीच्या घरातल्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. सगळ्यात लहान शहाऐंशीचा, सगळ्यात मोठा शहाण्णवचा. नऊ जण शेवटपर्यंत टिकले. त्यांची पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. सदुसष्टाव्या वर्षी मी कुठल्या तोंडाने सबब सांगणार?

अर्थात घाई करणाऱ्यांची वेगळी गत होते. आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ नातवाच्या जिममध्ये गेले, पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यांच्या हातात नको तेवढं वजन दिलं, आणि पुढचे दोन महिने ते पाठीला पट्टा बांधून कट्ट्यावर येत होते. आपल्या आयुर्वेदाचा इथे एक नेमका नियम आहे, अर्धशक्तीचा. वाग्भटाने बलवान माणसालाही थंडीत आणि वसंतात अर्ध्याच ताकदीने व्यायाम करायला सांगितलाय, बाकीच्या ऋतूंत त्याहून कमी. अर्धी ताकद ओळखायची कशी, तेही ग्रंथांत आहे: तोंडाने श्वास घ्यायची वेळ आली, कपाळावर घाम आला, की थांबा. आजचे डॉक्टर म्हणतात, चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. मला दोन्हींत फरक दिसत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, सातलाच ऊन टोचायला लागतं. तेव्हा ऋतू बघून हात आखडता घेणं हे शास्त्रापेक्षाही शहाणपणाचं आहे. छातीत भरून आलं, जबड्याकडे कळ गेली, तर अर्धी-पाव ताकद विसरून सरळ दवाखाना. आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

शतपावली मात्र बारमाही. 2013 मध्ये साठीपुढच्या, साखर वाढू लागलेल्या लोकांवर प्रयोग झाला. प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तर दिवसभराची साखर खाली राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची चढ सकाळच्या सलग चालण्यापेक्षा या छोट्या फेरीनेच जास्त रोखली गेली. भारतात दहा कोटींवर मधुमेही आहेत, असं 2023 मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून समोर आलं. जेवून उठल्यावर गच्चीवर फेऱ्या मारायला पैसे पडत नाहीत. शंभर पावलांवर थांबू नये, एवढीच दुरुस्ती.

खाण्याचं थोडक्यात. दात हलायला लागले की भाकरी सुटते, मग डाळ पातळ होते, मग रात्री चहा-खारीवर भागतं. साठ किलोच्या माणसाला रोज किमान पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हातारपणी जरा जास्तच. वाटीभर वरणातून पाच-सहा ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा. तेव्हा भाकरी दुधात कुस्करा, शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवा, पिठलं घट्ट करा. मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चकल्या-करंज्यांबद्दल मी काही बोलणार नाही, हा दिवाळी अंक आहे.

उठबस शब्दाचा दुसरा अर्थ मला उशिरा आठवला. ‘त्यांची आमची उठबस आहे.’ म्हणजे जाणं-येणं, बसणं-बोलणं. 2010 मध्ये ज्युलियन होल्ट-लनस्टॅड यांनी 148 अभ्यासांचा मेळ घातला, तीन लाखांवर माणसं. ज्यांचं माणसांत जाणं-येणं भक्कम, त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता दीडपट निघाली. हनुमान जयंतीला आणि श्रावणातल्या शनिवारी आमच्या शहरातून रात्रभर लोक खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जातात. पंचवीस किलोमीटर, मध्ये दौलताबादचा घाट. त्यात सत्तरीचे लोक दिसतात. ते व्यायामाला म्हणून एकटे निघाले असते तर मिटमिट्यापर्यंतही गेले नसते. गंमत अशी की गावोगावच्या तालमींत ज्याच्यापुढे जोर मारले तो देव तिथे चक्क झोपलेला आहे. एवढे चालून आलेले भक्त त्याच्यापुढे उभे, आणि तो आडवा.

आमच्या कट्ट्यावर आता चालणं अर्धा तासच असतं. मग दगडी बाकावर उठबस. कोण किती, यावर चहा ठरतो. जो हरतो तो पाजतो, त्यामुळे हजेरी चांगली असते. एक दिवस न आलेल्याला फोन जातो.

यंदा दसऱ्यालाच मी पाट माळ्यावरून काढून पुसून ठेवलाय. वसुबारसेच्या संध्याकाळी नातू मोबाइल घेऊन समोर बसला, खुर्ची भिंतीला लावली, हात छातीवर फुलीत. तीस सेकंद संपले तेव्हा मी अधांतरी होतो, धड बसलेला नाही, धड उभा नाही. नियम असा आहे की अर्ध्याच्या वर उठलेला असाल तर ती उठबस धरायची.

“आजोबा, तेरा झाल्या. ही चौदावी धरू का?”

“माझी कंबर कुठे होती ते सांग.”

तो माझ्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, “परत करा, मी या वेळी व्हिडिओ काढतो.”