दादांची सांगली, बॅट आणि लिफाफा

7 मे 2024 रोजी सातारा आणि सांगली या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झाले. साताऱ्यात 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हावर शशिकांत शिंदे उभे होते. त्याच मतदानयंत्रावर एका अपक्षाला ट्रम्पेट मिळाले होते, आणि यादीत त्याच्यापुढेही 'तुतारी' असेच छापले होते. त्या अपक्षाने फारसा प्रचार न करता 37,062 मते घेतली. शिंदे हरले 32,771 मतांनी, आणि उदयनराजे भोसल्यांच्या रूपाने भाजपला सातारा पहिल्यांदा मिळाला. सांगलीत त्याच दिवशी विशाल पाटील नावाच्या अपक्षाने जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी हाती आलेला लिफाफा गावोगाव पोहोचवला आणि 5,71,666 मते घेतली. शेजारशेजारचे दोन जिल्हे, कृष्णाकाठ तोच, ऊस तोच. एकीकडे चिन्हाने घोळ घातला, दुसरीकडे मतदारांनी चिन्ह हुडकून काढले. सांगलीत हे का जमले, ते समजायला सत्तर वर्षे मागे जावे लागते.

मुळात हे दोन जिल्हे एकच होते. 1949 मध्ये साताऱ्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि सांगली, मिरज, जत वगैरे संस्थानांचा मुलूख एकत्र करून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. 'सांगली' हे नाव त्याला 1960 मध्ये मिळाले. पहिल्या काही निवडणुकांत मतदारसंघांची नावे आणि हद्दी बदलत राहिल्या, त्यामुळे कोण कुठून निवडून आले याचा हिशेब जुळवताना आजही गोंधळ होतो. 1957 ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत या भागाने काँग्रेसला चांगलाच हिसका दाखवला. साताऱ्यातून कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील दिल्लीला गेले, मिरजेतून शेतकरी कामगार पक्ष. नाना पाटील मूळचे येडे मच्छिंद्रचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातले. पुढच्याच निवडणुकीत हवा फिरली. जतचे राजे विजयसिंहराव डफळे काँग्रेसतर्फे निवडून आले, मग एस. डी. पाटील, मग दोनदा गणपतराव गोटखिंडे. 1977 ला राज्यातल्या 48 पैकी काँग्रेसला अवघ्या 20 जागा मिळाल्या, पण सांगली त्यांतली एक होती. हा सगळा काळ काँग्रेसचा म्हणून ओळखला जातो. माणसे बदलत होती, काँग्रेसची चिन्हे मात्र बिनघोर चालत होती.

वसंतदादा पाटील स्वतः लोकसभेला उभे राहिले ते 1980 मध्ये. तोवर ते विधानसभा, पक्षसंघटना आणि मुख्यमंत्रिपद असे सगळे करून बसले होते. 1978 मध्ये शरद पवारांनी त्यांचे सरकार पाडले, ती जखम ताजी होती. 1980 च्या त्या निवडणुकीत साताऱ्याहून यशवंतराव चव्हाण काँग्रेस (अर्स) तर्फे जिंकले आणि राज्यात त्या पक्षाची ती एकमेव जागा ठरली. शेजारी सांगलीत दादा इंदिरा काँग्रेसचे. एका नदीकाठचे दोन थोर नेते दोन काँग्रेसमध्ये होते, आणि दोघांनाही लोकांनी मत दिले ते चिन्ह बघून नव्हे.

दादांची जादू ही काही भाषणांची जादू नव्हती. 24 जुलै 1943 रोजी सांगलीच्या तुरुंगातून साथीदारांसह तटावरून उडी मारून निसटलेला, पाठलागात गोळी लागलेला पद्माळ्याचा हा तरुण इथल्या जुन्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलेला होता. पुढे त्याच माणसाने सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा केला. ऊस नोंदणीला गेलेला शेतकरी, कारखान्यात लागलेला त्याचा पोरगा, सोसायटीचा चेअरमन, बँकेतला कर्जदार अशी साखळी पंचक्रोशीभर पसरली. म्हणून सांगलीत 'दादा गट' हा शब्द काँग्रेस या शब्दापेक्षा जास्त कामाचा झाला. शेजारच्या वाळव्यात राजारामबापू पाटलांनी तसेच साम्राज्य उभारले. दादा-बापू वाद त्यातूनच निघाला, आणि दोघांच्या पश्चातही तो मिटला नाही. तालुक्याच्या राजकारणात आजही कुणाच्या आजोबाने कोणाला मत दिले होते ते विचारले जाते.

दादा 1983 मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी शालिनीताई निवडून आल्या. 1984 पासून दादांचे चिरंजीव प्रकाशबापू, तीन वेळा. 1996 आणि 1998 ला त्याच घराण्यातले मदन पाटील. 1999 आणि 2004 ला पुन्हा प्रकाशबापू. 2005 मध्ये ते गेले आणि 2006 च्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र प्रतीक. 2009 ला प्रतीकच, पण या वेळी कवठेमहांकाळच्या अजितराव घोरपडे या अपक्षाने घाम फोडला आणि फरक चाळीस हजारांच्या आसपास आला. म्हणजे 1980 ते 2014 अशी चौतीस वर्षे जागा एकाच घराण्यात फिरली. मधला भाऊबंदकीचा काळ दिसायला काँग्रेसविरुद्ध काँग्रेस होता. खरे म्हणजे तो घराच्या दोन सोप्यांतला वाद होता, आणि गावच्या पुढाऱ्यांना कुठल्या सोप्यात बसायचे एवढेच ठरवायचे असे.

दुष्काळी पट्ट्याचे गणित मात्र वेगळे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, तासगावचा पूर्व भाग, खानापूर यांना कृष्णेचे पाणी हवे होते, आणि ते नदीकाठच्या घराण्याकडून येईल याची वाट पाहून लोक थकले होते. 1995 मध्ये जिल्ह्यातून शिवाजीराव नाईक, अजितराव घोरपडे, संपतराव देशमुख असे अपक्ष विधानसभेत निवडून गेले. देशमुखांनी तर पतंगराव कदमांसारख्या बड्या नेत्याला पाडले. या अपक्षांनी युतीच्या सरकारला पाठिंबा दिला, आणि टेंभू, म्हैसाळ, ताकारी या उपसा योजना त्यानंतर निवडणुकीच्या प्रत्येक भाषणात आल्या. पाइपमधले पाणी कुठवर आले यावर तिथे खासदार ठरतो, हे मुंबईत बसून कळत नाही. 2022 मध्ये जत तालुक्यातल्या गावांवर कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी दावा सांगितला तेव्हाही वाद पाण्यावरूनच पेटला होता.

शहराने दादा गटाला धक्का दिला तो 1995 च्याही आधी. दादा राज्यपाल होऊन राजस्थानला गेले आणि 1986 मध्ये सांगली विधानसभेची पोटनिवडणूक लागली. दादांच्या घरातल्या विष्णुअण्णा पाटलांसमोर जनता पक्षाच्या परंपरेतले एक पैलवान उभे राहिले: संभाजी पवार, 'बिजलीमल्ल' म्हणून आखाड्यात गाजलेले. पवार जिंकले. ते पुढे 1990 आणि 1995 लाही निवडून आले, आणि 2009 ला भाजपचे म्हणून. दादांच्या सांगलीत दादांच्या घराला हरवणारा माणूस कारखानदार नव्हता, सहकारातला नव्हता, ही गोष्ट मला अजून महत्त्वाची वाटते. सांगली शहर, मिरज आणि कुपवाड एकत्र होऊन 1998 मध्ये महापालिका झाली, त्यानंतर शहराचे राजकारण आणखी वेगळ्या वाटेने गेले. 2009 च्या गणेशोत्सवात मिरजेत अफझलखान वधाच्या कमानीवरून दंगल उसळली आणि त्या वर्षीच्या विधानसभेत सांगली आणि मिरज दोन्ही भाजपकडे गेल्या. 2018 मध्ये महापालिकेच्या 78 पैकी 41 जागा भाजपने जिंकल्या. 2021 मध्ये त्यांचेच काही नगरसेवक फुटले आणि महापौरपद राष्ट्रवादीला गेले, हा भाग अलाहिदा. सांगलीकर नगरसेवकाला दुसऱ्याच्या गाडीत बसायला फार वेळ लागत नाही.

2014 ला भाजपने तासगावचे संजयकाका पाटील उभे केले. ते आधी राष्ट्रवादीत होते आणि तासगावच्याच आर. आर. पाटलांचे जुने विरोधक. त्यांनी प्रतीक पाटलांना 2,39,292 मतांनी हरवले. मोदी लाट होतीच, पण शहर आणि दुष्काळी पट्टा पहिल्यांदा एकाच पारड्यात पडले. 2019 ला आघाडीने ही जागा राजू शेट्टींच्या स्वाभिमानीला सोडली, आणि दादांचे दुसरे नातू विशाल पाटील 'बॅट' घेऊन उभे राहिले. वंचित बहुजन आघाडीचे गोपीचंद पडळकर आटपाडीकडचे, त्यांनी तीन लाखांवर मते घेतली. विशाल यांना 3,44,643. दोघांची बेरीज संजयकाकांच्या 5,08,995 च्या वर जाते, पण अशी बेरीज करून सांगलीत कुणाचे भले झालेले नाही. दादांच्या जिल्ह्यात हाताचे चिन्ह यंत्रावर नव्हते, याची बोच मात्र काँग्रेसच्या माणसांना राहिली.

2024 ला ती बोच दुप्पट झाली. मार्चमध्ये उद्धव ठाकऱ्यांनी डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील यांचे नाव जाहीर केले. कोल्हापूर शाहू महाराजांसाठी काँग्रेसला सोडले, तर सांगली आम्हाला हवी, असा शिवसेनेचा सरळ हिशेब होता. पलूस-कडेगावचे काँग्रेस नेते विश्वजित कदम जागेसाठी दिल्लीला फेऱ्या मारत राहिले. गुढीपाडव्याला जागावाटप जाहीर झाले आणि सांगली ठाकऱ्यांच्या मशालीकडे गेली. विशाल पाटलांनी अर्ज मागे घेतला नाही. मग जे झाले ते सांगलीने पूर्वी पाहिलेच होते: काँग्रेसचे कार्यकर्ते उघडपणे आघाडीच्या सभेत बसायचे आणि संध्याकाळी लिफाफ्याचा प्रचार करायचे. राजारामबापूंचे चिरंजीव जयंत पाटील यांच्याकडेही बोटे दाखवली गेली आणि दादा-बापू वाद पुन्हा चहाच्या टपरीवर आला. 4 जूनला विशाल 1,00,053 मतांनी निवडून आले. चंद्रहार पाटलांना 60,860. दोन दिवसांत विशाल यांनी काँग्रेसला पाठिंब्याचे पत्र दिले आणि पक्षाचे 99 चे 100 झाले.

लिफाफ्यामागचे मत फक्त दादांच्या नातवाला नव्हते. संजयकाकांवर दहा वर्षांची नाराजी साठली होती, आणि पक्षाने आपल्याला वाऱ्यावर सोडले हा राग होता. दादांचा कारखाना 2017 मध्येच एका खासगी कंपनीने भाड्याने चालवायला घेतला होता, त्यामुळे निव्वळ सहकाराच्या साखळीवर कुणी निवडून येण्याचे दिवस सरले होते. घराणे मात्र लोकांना आठवत होते.

सहा महिन्यांनी विधानसभा झाली. सांगली लोकसभेतल्या सहा विधानसभा मतदारसंघांपैकी सांगली, मिरज आणि जत भाजपने घेतले, जतला जिंकले ते पडळकर. खानापूर शिंदे सेनेकडे गेले, पलूस-कडेगाव विश्वजित कदमांनी राखले, आणि तासगावात आर. आर. पाटलांचे चिरंजीव रोहित यांनी अजित पवारांच्या राष्ट्रवादीतून उभ्या राहिलेल्या संजयकाकांना हरवले. सांगली शहरात काँग्रेसच्या पृथ्वीराज पाटलांविरुद्ध मदन पाटलांच्या पत्नी जयश्रीताई अपक्ष उभ्या राहिल्या. मते फुटली, भाजपचे सुधीर गाडगीळ तिसऱ्यांदा आमदार झाले. 2025 मध्ये जयश्रीताईंनी भाजपमध्ये प्रवेश केला.