कचऱ्याच्या गाडीतली आग आपल्या घरातून निघते

सकाळी कचऱ्याची गाडी आली की आपण डबा रिकामा करतो आणि मोकळे होतो. त्या कचऱ्याचे पुढे काय होते, याचा विचार किती घरांत होतो? गाडीमागचा कामगार मात्र त्या कचऱ्यासोबत पुढे जातो. तो कुणी परका नाही. आपल्याच वस्तीतला कुणाचा काका, कुणाचा मुलगा आहे. झाडू मारणारी कुणाची तरी मावशी आहे. म्हणून हा प्रश्न आपण आपल्या घरचा मानला पाहिजे.

मुंबईसारख्या शहरात बऱ्याच ठिकाणी कचरा दाबणारी, म्हणजे कॉम्पॅक्टर गाडी असते. तिची लोखंडी फळी कचरा चेपून आत ढकलते. त्या कचऱ्यात जुना मोबाइल, पॉवर बँक, वायरलेस इयरफोन किंवा चार्जिंगचे खेळणे असेल, तर त्यात बहुधा लिथियमची बॅटरी असते. या बॅटरीत दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये अगदी पातळ पडदा. बॅटरी चेपली की पडदा फाटतो, आतल्या आत शॉर्टसर्किट होते, ती तापते आणि पेट घेते. मोबाइल बंद पडला म्हणजे बॅटरीतली वीज संपली, असे समजू नये. थोडी तरी शिल्लक राहतेच. भोवती कागद, चिंध्या, प्लॅस्टिक असते. आगीला आणखी काय हवे?

बॅटरी एकटीच दोषी नाही. चुलीची राख वरून थंड दिसते, पण तिच्या पोटात निखारा बराच वेळ जिवंत राहतो. पेटलेली मच्छर अगरबत्ती, विडीचे थोटूक, दिवाळीतले न फुटलेले फटाके, लायटर, डासांच्या नाहीतर अत्तराच्या फवाऱ्याचा डबा, थिनरने भिजलेली चिंधी, हे सगळे आपणच पिशवीत बांधून देतो.

गाडीतून धूर निघाला की ड्रायव्हरला मोकळी जागा शोधावी लागते. आग आत खोलवर असते, म्हणून सगळा कचरा रस्त्यावर ओतून अग्निशमन दलाला ती विझवावी लागते. जळत्या प्लॅस्टिकचा विषारी धूर आधी कामगाराच्या छातीत जातो. कचऱ्याची आग किती चिवट असते, हे जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या डम्पिंग ग्राउंडने दाखवले. धूर कित्येक दिवस हटला नाही, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याची झळ आजूबाजूच्या गरीब वस्त्यांनीच सोसली.

घरात काय करावे?

भगिनींनी, आणि बंधूंनीही, एवढे नियम पाळावेत.

१. जुन्या बॅटऱ्या रोजच्या कचऱ्यात कधीही टाकू नयेत. टोकांना चिकटपट्टी लावून त्या प्लॅस्टिकच्या कोरड्या बरणीत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात. बरणी ऊन व शेगडीपासून दूर असावी.

२. फुगलेली बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत घालून घराबाहेर ठेवावी आणि लवकरात लवकर ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावी. तेथे देताना ती फुगलेली असल्याचे सांगावे.

३. राखेत पाणी ओतून ती पूर्ण विझवावी, गार झाल्यावरच टाकावी. न फुटलेले फटाके रात्रभर बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवावेत.

४. फवाऱ्याचा डबा पूर्ण संपवावा. त्याला भोक पाडू नये, तापवू नये. तो व लायटर वेगळे ठेवून कामगाराच्या हाती सांगून द्यावेत.

५. थिनर किंवा रॉकेलची चिंधी गोळा करून कोंबू नये. बाहेर मोकळी पसरून वाळवावी.

काहीजण म्हणतील, एवढे कोण करणार? हिशोब साधा आहे. आपली दोन मिनिटे जातात, समोर एका माणसाचा जीव असतो. शिवाय हा केवळ चांगुलपणाचा प्रश्न नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुनी बॅटरी इतर घरगुती कचऱ्यापासून वेगळी देणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे आणि ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे.

पण सगळा भार घरांवर टाकूनही चालणार नाही. बॅटऱ्या द्यायच्या कुठे, हे पालिकेने सांगितलेच पाहिजे. महिला मंडळाने किंवा विहार समितीने चाळीतल्या सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा. वस्तीजवळ बॅटरी व ई-कचरा स्वीकारण्याची सोय करा, प्रत्येक गाडीत अग्निशामक नळकांडे ठेवा, कंत्राटी कामगारांनाही हातमोजे व बूट द्या, अशा मागण्या त्यात लिहाव्यात. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.

तोवर आपल्या घरातली बरणी आजच बाजूला काढावी. आणि गाडीतून धूर निघताना दिसला तर बघत उभे न राहता ड्रायव्हरला हाक मारावी, १०१ क्रमांकावर फोन करावा आणि मुलांना लांब न्यावे.