उसातला गांजा आणि घरातला पोरगा



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्यांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा, तरी आपल्या बांधापासून फार लांबचा नाही. उंच उसाच्या आडोशाने गांजाची झाडे लावल्याच्या बातम्या आपल्या राज्यात अधूनमधून येत असतात.

अंमली पदार्थांविषयीचा केंद्राचा कायदा १९८५ सालचा. परवानगीविना गांजा लावणाऱ्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘चार झाडं, कुणाला कळतंय?’ ही समजूत सोडावी. दुसऱ्याने आपल्या रानात झाडे लावली आणि आपण जाणूनबुजून खबर दिली नाही, तरी कलम ४६ प्रमाणे शिक्षेस पात्र ठरतो. म्हणून वाट्याने वा खंडाने दिलेल्या रानातही अधूनमधून फेरी मारावी.

पण हाच कायदा पिकवणारा-विकणारा आणि व्यसनात सापडलेला यांत फरक करतो. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगण्याच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी आपणहून सरकारी वा सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला, तर कलम ६४-अ प्रमाणे त्याला त्या खटल्यातून सूट आहे. मात्र उपचार पुरा केला पाहिजे. अर्धवट सोडला तर सूट काढून घेता येते.

हे ठाऊक नसल्याने घरची माणसे पोलिसांना आणि लोकांच्या बोलण्याला भितात. पोराला कोंडून ठेवतात, नाहीतर ‘लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल’ म्हणतात. त्यात दोन घरे बुडतात. काणी लागलेले उसाचे बेट आपण उपटून जाळतो. माणसाचे तसे करून कसे चालेल? व्यसन हा आजार आहे, असे धरूनच पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण केंद्र सुरू केले.

केंद्रातून परतल्यावर खरी कसोटी घरच्यांची. उसाच्या बिलाची रोकड काही दिवस त्याच्या हाती देऊ नये, पण रानातल्या कामातून त्याला वगळूही नये. जुनी संगत तुटली पाहिजे. पाय पुन्हा घसरला, तर शिव्या न देता परत उपचाराला न्यावे.

केंद्र सरकारचा मोफत दूरध्वनी १४४४६ आहे. सभासदांनी हा क्रमांक सोसायटीच्या फळ्यावर लिहून ठेवावा, ही आमची विनंती.