मुलांचे आणि फॅमिली फोटो: पहिल्या दहा शूटमधून धंदा कसा शिकायचा?

"कॅमेरा घेतलाय, मुलांचे फोटो छान येतात. आता धंदा सुरू करू का?" हा प्रश्न मला नेहमी येतो. करा की! फक्त पहिल्या दहा शूटची एक वही ठेवा. शूट झालं की त्याच रात्री चार गोष्टी लिहा: वेळ किती गेला, खर्च किती झाला, मूल कधी खुललं-कधी कंटाळलं आणि घरच्यांनी शेवटी कोणता फोटो निवडला. ही वही काय शिकवते ते बघू.

१. घड्याळ मुलाचं, आपलं नाही

भायखळ्याच्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे, त्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे मुंबईच्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तो हा काळ. तेव्हा फोटोसाठी काही सेकंद स्तब्ध बसावं लागायचं. मूल हललं की चेहरा पुसट! आज शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान ठेवलं की काम होतं. पण झोपेला आलेल्या मुलापुढे भारीतला भारी कॅमेराही हरतो. म्हणून बुकिंगच्या फोनवरच विचारा, बाळ कधी झोपतं, कधी खातं? मूल ताजंतवानं असताना आधी सगळ्यांचा ग्रुप फोटो उरका. मग खाली बसा आणि कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा.

२. जागा आधी बघून या

आपल्या भागात बरेच जण "राणीच्या बागेत काढूया" म्हणतात. पण बाग बुधवारी बंद असते. धंद्याच्या शूटसाठी परवानगी आणि शुल्क काय, हे तिथल्या ऑफिसात आधीच विचारा. शूट चाळीतल्या घरात असेल तर खिडकीजवळ बसवा आणि ट्यूबलाईट बंद करा. नाहीतर चेहऱ्यावर दोन रंगांचा उजेड येतो.

३. दीड तासाचं काम दीड तासाचं नसतं

समजा, तुम्ही ३,५०० रुपये घेतले. शूट दीड तास. २५ फोटो, प्रत्येकी १० मिनिटं एडिटिंग, म्हणजे चार तासांच्या वर. फोन, प्रवास, डिलिव्हरी दोन तास. झाले जवळजवळ आठ तास! प्रिंट-अल्बम ९००, प्रवास २००, कॅमेऱ्याच्या दुरुस्तीसाठी बाजूला ४००. उरले २,००० रुपये, म्हणजे तासाला २५०. आता हेच काम "ओळखीतले आहेत" म्हणून १,५०० मध्ये केलं तर? हातात शून्य. म्हणून रेट शेजाऱ्याचा बघून नाही, वही बघून ठरवा. अर्धी रक्कम बुकिंगलाच घ्या, आणि किती फोटो, किती दिवसांत देणार हे व्हॉट्सॲपवर लिहून द्या.

४. एक बाळ, चार ऑर्डर

या धंद्याची खरी कमाई इथे आहे. बारसं, उष्टावण, पहिला वाढदिवस आणि संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान बोरन्हाण. भायखळ्यात तर अकीका आणि बाप्तिस्माही आहेत. वहीत बाळाची जन्मतारीख लिहिलेली असेल तर पुढच्या कार्यक्रमाच्या महिनाभर आधी आपणच फोन करायचा. जुनं गिऱ्हाईक परत आणायला जाहिरातीचा खर्च लागत नाही.

निवडलेल्या फोटोंची नोंदही इथेच कामाला येते. आपल्याला एकट्या बाळाचा फोटो आवडतो, पण घरच्यांनी आजीच्या मांडीवरचा निवडला, असं दोन-तीनदा दिसलं की पुढच्या शूटला आजी-आजोबांसाठी वेळ राखून ठेवा.

५. फोटो टाकण्याआधी विचारा

मुलाचा फोटो आपल्या पेजवर टाकायचा तर आई-वडिलांची लेखी परवानगी हवीच. ते नाही म्हणाले तर विषय संपला. लोक आपलं लेकरू भरवशावर कॅमेऱ्यासमोर बसवतात. तो भरवसा एकदा गेला की बिल्डिंगमधली बाकीची घरंही गेली.

दहा शूट झाले की वही उघडा आणि तासाला किती सुटले ते काढा. आकडा परवडत नसेल तर नवीन लेन्स घेऊ नका, आधी रेट आणि वेळ बदला. तुमचा आकडा किती आला, कमेंटमध्ये नक्की सांगा!