जामीन खरा की खोटा?
(ग्राफिक कार्डाच्या वीजजोडणीविषयी थोडेसे)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकातील वायरींवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. विज्ञान शाखेतील मित्र तर हसतीलच. परंतु ग्राफिक कार्डाला वीज देणे हे काम जितके यंत्राचे, तितकेच हिशेबाचे आहे. जमा किती, खर्च किती आणि मध्ये जामीन कोण राहिला, एवढे तपासता आले की निम्मे काम झाले. आणि हा हिशेब तर आपल्या पाचवीलाच पुजलेला!

मी मूळचा पांढुर्ण्याचा. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि आमचे पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि मोठी खरेदी नागपूरला, असा आमच्याकडचा रिवाज. संगणकाचा सुटा भाग हवा असला तरी बहुतेक जण नागपूरचीच वाट धरतात. दुकानदार जे हातात देईल ते पिशवीत टाकून परतायचे. घरी आल्यावर विचारायचे कोणाला?

माझा एक आतेभाऊ लग्नाची चित्रफीत काढण्याचा व्यवसाय करतो. सौंसर काय नि पांढुर्णा काय, लग्नसराईत त्याला दम घ्यायला फुरसत नसते. काम लवकर उरकावे म्हणून गेल्या वर्षी त्याने एक जुने ग्राफिक कार्ड विकत घेतले. त्या कार्डाला वरून वीज द्यावी लागत होती आणि त्याच्या संगणकात तशी वायर नव्हती. विकणाऱ्याने एक छोटा कन्व्हर्टर दिला आणि सांगितले, "हा लावा, चालून जाईल." चालला खरा, तीन-चार दिवस. मग एका रात्री काम सुरू असताना जळका वास आला. उघडून पाहतो तो कन्व्हर्टरचे प्लॅस्टिक वितळून काळे झालेले. त्याच वायरीवर हार्डडिस्क होती आणि तिच्यात तीन लग्ने होती. सुदैवाने ती वाचली. यंत्र पुन्हा विकत घेता येते हो, पण कोणाच्या मुलीची पाठवणी पुन्हा कशी काढणार? भाऊ मला म्हणाला, "वायर त बराबर बसली होती ना बाप्पा! मंग जळली काऊन?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा येथे प्रयत्न करतो.

भिंतीतील 230 व्होल्टची वीज संगणकाला थेट चालत नाही. कॅबिनेटमधील पेटी, जिला आपण एसएमपीएस म्हणतो, ती या विजेचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट असे तीन भाग करते. ग्राफिक कार्डाची मुख्य भूक 12 व्होल्टची. ती भागवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग मदरबोर्डवरील लांब स्लॉटचा. कार्ड ज्यात बसते, तो स्लॉट जास्तीत जास्त 75 वॅट देतो. लहान कार्डे तेवढ्यावर भागवतात. जीटीएक्स 1650 हे 75 वॅटचे कार्ड, त्याच्या पुष्कळ नमुन्यांना वरून वायर लागतच नाही. मोठ्या कार्डाला दुसरा मार्ग लागतो, तो एसएमपीएसमधून थेट येणाऱ्या वायरीचा. सहा पिनांची वायर 75 वॅट देते, आठ पिनांची 150 वॅट.

उदाहरणच घेऊ. आरटीएक्स 3060 हे कार्ड 170 वॅटचे आहे. स्लॉटचे 75 आणि आठ पिनांचे 150 मिळून 225 झाले. खर्च 170, जमा 225. खाते शिल्लकीत आहे.

आता गंमत पाहा. आठ पिनांपैकी तीन पिना 12 व्होल्टच्या आणि तीन परतीच्या, म्हणजे ग्राउंडच्या. मग उरलेल्या दोन कशाला? त्या वीज देण्यासाठी नसतातच. त्या आहेत जामीन. त्या ग्राउंडला जोडलेल्या आढळल्या की कार्ड समजते, मागे 150 वॅट देणारी वायर आहे. दोहोंपैकी ठरलेली एकच जोडलेली असली, तर सहा पिनांची वायर आहे, 75 वॅटच्या वर मागू नये. कार्डाला मागची वायर दिसत नाही. ते जामिनाच्या सहीवर विश्वास ठेवते.

आतेभावाचा कन्व्हर्टर म्हणजे खोटी सही होती. त्याच्या एका टोकाला आठ पिना होत्या आणि दुसरे टोक हार्डडिस्कच्या साटा वायरीत जात होते. साटा प्लगमध्ये 12 व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. साडेचार अँपिअर गुणिले 12 व्होल्ट, म्हणजे अवघे 54 वॅट! ऐपत 54 ची आणि सही 150 ची. समजा, 170 वॅटच्या कार्डाने स्लॉटमधून 50 घेतले आणि उरलेले 120 वायरीतून मागितले, तर 10 अँपिअर प्रवाह वाहील. ऐपतीच्या दुपटीहून अधिक. शिवाय वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह सव्वादोनपट झाला की उष्णता सुमारे पाचपट. मग प्लॅस्टिक वितळले यात नवल ते काय? वायर 'बराबर' बसली होती. ओझे मात्र तिचे नव्हते.

म्हणून पहिला नियम असा की, साटा प्लगपासून आठ पिना करून देणारा कन्व्हर्टर घेऊच नये. एसएमपीएसमध्ये कार्डाची वायर मुळातच नसेल, तर ती पेटी आपल्याला सांगत असते की हे काम माझे नव्हे. अशा वेळी पेटीच बदलावी.

पेटी घेताना मोठ्या अक्षरांतील आकड्याला भुलू नये. बाजूच्या लेबलावर 12 व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत, ते वाचावे. समजा, वर 450 लिहिले आहे आणि 12 व्होल्टखाली 18 अँपिअर आहेत, तर कामाचे वॅट 216 च. आपला खर्च मांडा : कार्ड 170, प्रोसेसर 65, पंखे-डिस्क वगैरे 50, एकूण 285. त्यातही कार्ड क्षणभर ठरल्याहून बरेच अधिक खेचते, तेव्हा पदरी शिल्लक हवी. आरटीएक्स 3060 साठी कंपनीनेच 550 वॅटची पेटी सुचवली आहे, ती उगाच नव्हे.

हाच हिशेब भिंतीपर्यंत न्यावा. 600 व्हीए लिहिलेला यूपीएस बहुधा 360 वॅटच देतो. 285 वॅटचा संगणक भिंतीतून सुमारे 335 घेतो, कारण पेटीतही थोडी वीज उष्णतेत जाते. त्यावर पडदा जोडला की यूपीएसचे खाते रिकामे! आणि अर्थिंगही तपासावे. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर बहुधा अर्थिंग नाही असे समजावे आणि तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांच्या कन्व्हर्टरात कोंबण्याआधी वायरमनला बोलवावे.

आता प्रत्यक्ष जोडणी. संगणक बंद करून भिंतीतील प्लग काढा. सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरा, म्हणजे आतील उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा. अंगावरची स्थिर वीज उतरते. कार्ड स्लॉटमध्ये सरळ दाबा, कुलपाचा टक् आवाज आला पाहिजे, मग स्क्रू आवळा. वायर ओळखताना घाई नको. कार्डाची वायर सहा अधिक दोन अशी फुटलेली असते. चार अधिक चार अशी फुटणारी वायर प्रोसेसरची. दोन्हींत आठच पिना, पण 12 व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या बाजू उलट्या. जोर लावून एकीच्या जागी दुसरी बसवली, तर सरळ शॉर्ट. कार्डाला आठ पिनांच्या दोन जागा असल्यास पेटीतून दोन वेगळ्या वायरी आणाव्यात. पेटीच्या वायरी सुट्या होत असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या पेटीची वायर चुकूनही लावू नये. कार्डाकडील टोक सारखे असले तरी पेटीकडील पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते. शेवटी पडद्याची वायर मदरबोर्डला न लावता कार्डाला लावा. नाहीतर एवढा खटाटोप करून कार्ड रिकामेच बसायचे!

ही अडचण केवळ आमच्यासारख्या लहान गावांची, असे मात्र कोणी समजू नये. 2022 साली आरटीएक्स 4090 हे 450 वॅटचे कार्ड बाजारात आले. त्याला 600 वॅटपर्यंत वाहून नेणारा नवा सोळा पिनांचा प्लग होता. काही महिन्यांतच जगभरातून हे प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या. प्लग पूर्णपणे आत न बसणे, हे कंपनीने दिलेले प्रमुख कारण. 2023 साली त्यात सुधारणा झाली. जामिनाच्या पिना आखूड केल्या गेल्या. त्यामुळे प्लग पुरता आत गेल्याखेरीज त्या टेकतच नाहीत आणि कार्ड जास्त वीज मागत नाही. सही होण्याआधी ऐपत तपासण्याचीच ही व्यवस्था.

मित्रहो, बँकेत जामीन राहणाऱ्याची मिळकत पाहिल्याशिवाय कोणी कर्ज देत नाही. हीच सावधगिरी वायरीच्या बाबतीत का नसावी? कार्डापासून भिंतीपर्यंत प्रत्येक दुव्याचे वॅट एका कागदावर लिहावेत. जिथे खर्च जमेहून जास्त दिसेल, तिथे थांबावे. बेरीज येणाऱ्या कोणालाही हे जमेल, आणि कागदावरची तूट वितळलेल्या प्लगपेक्षा फार स्वस्त पडते.